घूमजावाशेजारी तारीख छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धावरून एखाद्या नेत्याने शब्द फिरवला की विरोधक त्याचे जुने भाषण उकरून काढतात आणि समर्थक ‘तेव्हा अमुक झाले असते तर’ म्हणत नवाच इतिहास रचतात. मग आत्याबाईला मिशा असत्या तर, या थाटात चर्चा रंगते. नेत्याचे मत कोणत्या तारखेचे, कोणत्या ठरावावरचे आणि तेव्हा तो कोणत्या खुर्चीवर होता, हे मात्र बातमीत सापडत नाही. एवढे चौकटीत छापलेत, तर घूमजाव खरे किती आणि नुसते दिसते किती, हे वाचक ठरवतील.

अमेरिकेचे तेव्हाचे सिनेटर आणि 2004 चे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांचेच पाहा. इराकविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव ऑक्टोबर 2002 मध्ये सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी संमत केला. केरींचे मत बाजूने होते. वर्षभराने इराक आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांसाठीच्या 87 अब्ज डॉलरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला. ‘विरोधात मत देण्यापूर्वी मी बाजूने दिले होते’ असे ते बोलून बसले आणि 2004 च्या निवडणुकीत या वाक्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. वास्तविक प्रस्ताव दोन होते. श्रीमंतांची करसवलत कमी करून हा पैसा उभा करावा, ही दुरुस्ती त्यांना मान्य होती. ती फेटाळली गेली, म्हणून मूळ विधेयकाला त्यांनी नकार दिला. याला कोलांटउडी म्हणणे अन्यायाचे. खरी पंचाईत वेगळीच होती. इराककडे महासंहारक शस्त्रांचा साठा नव्हता हे कळल्यावरही आपण अधिकार देण्याच्या बाजूनेच मत दिले असते, असे ते ऑगस्ट 2004 मध्ये म्हणाले. पुढल्याच महिन्यात हे युद्ध चुकीचे, चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी, असेही म्हणाले. टीका व्हायला हवी होती ती या दोन वाक्यांमधल्या अंतरावर.

आपल्याकडे 1962 च्या चीन युद्धातील पराभवावरचा लष्कराचा गोपनीय हेंडरसन ब्रुक्स अहवाल हा याच प्रकारचा मासला आहे. 2010 मध्ये काँग्रेसचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी तो संवेदनशील आहे म्हणून उघड करायला नकार दिला. मार्च 2014 मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला, तेव्हा राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी जुने दस्तऐवज अनंतकाळ दडवून ठेवू नयेत, अशी भूमिका घेतली. जुलैमध्ये तेच संरक्षणमंत्री होते आणि अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. चार महिन्यांत अहवालातले अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती खुर्ची.

आता जर-तरकडे येतो. ‘1962 मध्ये हवाई दल लढाईत उतरवले असते तर’ हा आपला लाडका प्रश्न. त्यात तथ्य आहे. तिबेटच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तिथल्या धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाला बॉम्ब आणि इंधन कमी न्यावे लागते. आसामच्या सपाटीवरून उडणारे आपले विमान जास्त भार नेऊ शकले असते. पण जर-तर करताना एकच गोष्ट बदलावी आणि समोरच्याची चालही मोजावी. चीनने कोलकात्यावर विमाने पाठवली असती तर? ही भीती किती खोल होती हे नेहरूंच्या पत्रांतून कळते. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंतप्रधानांनी 19 नोव्हेंबर 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे लढाऊ विमानांच्या किमान 12 स्क्वॉड्रन आणि रडार मागितले. हेही घूमजावच, पण तारीख बघा: आदल्याच दिवशी लडाखमधले रेझांग ला हे ठाणे पडले होते. शिवाय नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) घनदाट जंगलात वरून शत्रूची तुकडी हुडकणे सोपे नव्हते. त्यासाठी जमिनीवरून वैमानिकाला लक्ष्य दाखवणारी माणसे आणि वायरलेस लागतात. नुसती विमाने असून भागत नाही.

नाशिकपुरते एक. ‘62 चे युद्ध झाले नसते तर ओझरचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना झालाच नसता’ हे वाक्य आपल्याकडे भाषणांत सहज खपते. मिगच्या खरेदी-उत्पादनाचा सोव्हिएत संघाशी करार ऑगस्ट 1962 चा, म्हणजे लढाईला तोंड फुटण्याच्या दोन महिने आधीचा, आणि तेव्हा संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. युद्ध टळले असते तरी मिग देशात बनायचेच होते. युद्धाने बदलली ती माणसे: मेनन यांचे पद गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला आणि 1963 मध्ये नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. कामाची वाटणीही झाली; इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा व जुळणी ओझरला, 1964 मध्ये. तेव्हा प्रश्न विचारायचाच असेल तर ‘कारखाना झाला असता का’ असा नको, ‘कुठे झाला असता’ असा हवा. पुढल्या वेळी हे वाक्य व्यासपीठावरून ऐकू आले, की बातमीशेजारी ऑगस्ट 1962 एवढे दोन शब्द जरूर छापावेत.

आपला,
एक वाचक, नाशिकरोड