दोनशे रुपयांची नोट

प्रिय मुन्ना,

तू अमेरिकेहून ट्राउट माशाचा फोटो पाठवलास तेव्हा मी फक्त एक अंगठा पाठवला होता. त्याला आठ महिने झाले. नंतर दिवाळीला तू दोनदा फोन केलास, तेव्हा मी कापणीत होतो, आणि कापणीत नव्हतो तेव्हाही उचलला नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच हसशील आणि मग मी विषय बदलेन. म्हणून धानाच्या पोत्यावर वही ठेवून लिहितोय. याचे फोटो मीच काढणार आहे, पोराला दाखवायचं नाही हे. वाकडे आले तर मान वाकडी करून वाच.

आईची शुगर आहे तिथंच आहे. माझी पाठ रोवणीपासून धरली ती अजून सोडली नाही. बाकी ठीक.

बाबाजी आले होते.

हो, तेच. मी नव्हतो रे. खरेदी केंद्रावर धान घेऊन सकाळपासून रांगेत उभा होतो, बारदाना नाही म्हणून चार वाजेपर्यंत तिथंच. घरी न जाता सरळ बोडीवर, शेतातल्या तळ्यावर आलो, तर नागपूरवाल्यांच्या गाड्या निघत होत्या आणि पोरगा टेबलावर नोटा मोजत बसला होता.

थांब, तुला टेबलाचं माहीतच नाही. दोन वर्षांपूर्वी बोडी खोल केली, गाळ काढून धानाच्या बांध्यांमध्ये टाकला. त्यात कतला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडली. पहिल्या वर्षी व्यापाऱ्याला विकले, त्यानं काट्यात मारलं. मग पोराच्या डोक्यात आलं की नागपूरचे लोक रविवारी कुठं जायचं म्हणून मरतात, त्यांना गळ टाकायला बोलवू. काठाला, पारीवर दोन बाकडी, एक ताडपत्री आणि बोर्ड. एका गळाचे दोनशे. मासा लागला तर किलोवर वेगळे. पैसे मोबाईलवर स्कॅन करून. तू हसतोयस ना? हस. मीही हसलो होतो, पण पहिल्याच रविवारी नऊ गाड्या आल्या आणि माझं हसू गेलं.

तर पोरानं वही पुढं केली. तो सगळं लिहून ठेवतो, हिशोबाला पक्का आहे, माझ्यावर गेला नाही. सात-आठ नावं इंग्रजीत आणि खाली मराठीत एक ओळ: ‘म्हातारे गृहस्थ, १ गळ, २०० रु. रोख, मासा परत.’ मी म्हटलं, मासा परत म्हणजे? तो म्हणाला, एक बाबा आले होते, स्वतःची बांबूची काठी घेऊन. वरच्या बांधीतून पाणी पडतं त्या कोपऱ्यात बसले, तासाभरात पावणेदोन किलोचा कतला काढला. मी तोलला, पैसे सांगितले, तर म्हणाले, मासा राहू दे बापू तुझाच, आणि गेले.

दिसायला कसे होते रे?

कसे म्हणजे, म्हातारे. डाव्या हाताच्या करंगळीला पेर नव्हतं.

मुन्ना, मी पारीवर खालीच बसलो.

पोराचा दोष नाही. तो दहावीपर्यंत मामाकडे, मग नागपूरला. बाबाजी लेकीकडे चुलबंद नदीपलीकडे राहायला गेले तेव्हा हा दुसरीत होता. त्याला काय माहीत, त्याचा बाप कोणाच्या पिशवीतल्या मासोळीवर वाढला. पण माहीत नाही म्हणजे काय, मी कधी सांगितलं नाही म्हणजेच ना. बोर्ड रंगवताना रंग कोणता द्यायचा यावर आम्ही तीन दिवस भांडलो. बाबाजी आले तर काय करायचं, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तुला आठवतं, ते आपल्याला गाव तलावाच्या तुडुमापाशी, पाणी सोडायच्या दारापाशी बसवायचे? तलाव मासेमारांच्या सोसायटीचा, हक्क त्यांचा, आपण दोघं शुद्ध चोर. आणि संध्याकाळी घरी जाताना पळसाच्या पानात दोन बोटऱ्या, चार झिंगे बांधून द्यायचेच, वर म्हणायचे, तुझ्या मायले सांग, तू धरल्या. एकदाही खरं सांगितलं नाही मी आईला. ती अजून मला मोठा मासेमार समजते.

आणि ती मरळ. यावर आपलं भांडण चालू आहे आणि चालूच राहील: गाठ तू बांधली होतीस. मी हिसका दिला नव्हता. सातवीचा उन्हाळा. पाण्यावर ती तांबूस पिलांची झुंड आणि तिच्याखाली मरळ, काळी, मांडीएवढी. (बरं, मनगटाएवढी.) बाबाजींनी शंभरदा सांगितलं होतं की पिलं संग असली की गरी नाही टाकाची, ती पिलांपायी तोंड उघडते, भुकेपायी नाही. आणि ते जेवायला गेले तेवढ्यात आपण टाकली. तिनं घेतली. नायलॉन तुटलं. ती गरी तोंडात घेऊन खाली गेली आणि पिलं पाण्यावर तशीच गोल फिरत राहिली. बाबाजी आले, तुटलेलं टोक बोटात धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, गाठीले थुका नाही लावला. आपल्या दोघांच्या गऱ्या महिनाभर त्यांच्या टोपल्यात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी त्यांनी नागपूरच्या दोन पोरांच्या गाठी सोडून पुन्हा बांधून दिल्या म्हणे. माझ्या पोरानं मला हातानं करून दाखवलं: नायलॉन गरीच्या डोळ्यातून काढून पाच वेढे, मग टोक मागं, मग तोंडात धरून ओलं करायचं आणि हळू ओढायचं. “पप्पा, कोरडी ओढली की घासून गरम होते अन् तिथंच तुटते, माहीत आहे?” मला विचारतो!

सोमवारीच गेलो पलीकडे. खिशात दोनशेची नोट, तीच, पोराकडून मागून घेतली होती. बाबाजी अंगणात जाळ्याला गाठी मारत बसलेले. डोळे अधू झालेत, पण बोटं बघत नाहीतच मुळी. चहा झाला, धानाचा भाव झाला, तुझी चौकशी झाली. (तो पोट्टा बरफात रायते म्हनतेत, पाय गरते का नाई त्याचे? असं विचारत होते. कळव.) तासभर बसलो आणि नोट खिशातून निघेना. काढून काय म्हणू? घ्या, चुकून घेतले? त्यांनी चुकून दिले नव्हते. बोर्ड वाचून, किती झाले बापू असं विचारून, धोतराच्या ओच्यातून सोडून दिले होते. ते परत करणं म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नव्हतात, भीक होती असं सांगणं. आणि ठेवणं म्हणजे… ते तुला कळतं.

शेवटी मी म्हटलं, बाबाजी, पोरानं ओळखलं नाही.

“चांगला हाये पोट्टा. हिशोबाचा हाये,” ते म्हणाले. मग जाळ्यातून मान वर न करता, “काहून गा, शनवारी पेंड टाकत नाई का तू?”

माझा घास घशातच राहिला, म्हणजे चहा.

मुन्ना, हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात थंडीनं मासा खायचा कमी झाला, नागपूरवाले रिकामे जाऊ लागले, आणि पोरगा म्हणाला, लोक मोबाईलवर वाईट लिहितात. तेव्हापासून मी शुक्रवार संध्याकाळपासून कोंडा-पेंड बंद ठेवतो. रविवारी सकाळी पारीवर माणसाची सावली पडली की मासा वर येतो. गळाला कणकेची गोळी लावून नुसती पाण्यावर ठेवली तरी कतला तोंड वर करून घेतो. लहान पोरं ओरडतात, आई-बाप फोटो काढतात, तोलून पैसे देतात, आणि सोमवारी सकाळी मी दुप्पट पेंड टाकतो. कोणाचं काही बिघडत नाही, असं मी रोज स्वतःला सांगतो.

“भरल्या पोटाचा मासा गरी चाखते,” बाबाजी म्हणाले. “तुझा गिरते. मले वाटलं रोग हाये का काय. तो कतला उचललो तं पोट चिपाड.” आणि मग हसले, दात दोनच राहिलेत, “आता तूच मालगुजार झाला गा.”

त्यांच्या तोंडून हा शब्द. तुझ्या आज्यानं आपल्याला सांगितलेलं आठवतं ना? गाव-तलावाचा मालक तो मालगुजार; त्याचा माणूस पारीवर बसून टोपल्यातला मोठा मासा आधी उचलायचा, मग ढिवराला उरलेलं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, तेव्हा बाबाजी असतील सहा-सात वर्षांचे, बापासोबत डोंग्यात बसणारे. ते चिडून बोलले नाहीत रे. गंमतच केली. चिडले असते तर मी पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो. गमतीला काय करू?

तिकडून परत येताना एसटीत होतो तर कंडक्टर एका आजोबांना म्हणत होता, पंच्याहत्तरच्या वर फुकट, कार्ड दाखवा. म्हणजे बाबाजी माझ्या बोडीवर आले ते एसटीनं फुकट आले असणार. सरकारनं सोडलं आणि मी वसूल केले.

आता तुझ्या ट्राउटबद्दल, जे मी आठ महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं. तू लिहिलं होतंस की बागेतल्या त्या ओढ्यात मासा जन्मत नाही, उन्हाळ्यात पाणी तापतं, म्हणून दरवर्षी थंडी सरता सरता टँकरनं आणून सोडतात. सिमेंटच्या हौदात गोळ्या खाऊन वाढलेला, पहिले काही दिवस मक्याच्या दाण्यालाही येतो. लायसन्स काढून, कमरेएवढे बूट घालून, पोरीला घेऊन तू गेलास आणि पाच मिनिटांत लागला. आणि खाली तू लिहिलंस, ‘खरं सांगू, मजा नाही आली.’ तेव्हा मला वाटलं, साला अमेरिकेत जाऊन नखरे करतो. आता कळतंय. माझ्या बोडीतही रोहू अंडी देत नाही, त्याला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बीज येतं. म्हणजे तुझा टँकरचा आणि माझा पिशवीचा. फरक एवढाच की तू पकडून सोडून देतोस. (हे आईला सांगितलं तर तिनं विचारलं, मग घरी खाते काय तो?) आणि तुझा टँकरवाला निदान मासा आधी उपाशी ठेवत नाही. की ठेवतो? विचारून कळव. ठेवत असेल तर मला जरा बरं वाटेल.

परवा मी एकटाच नाल्यावर गेलो, जुन्या डोहावर. तासभर काही नाही. मग पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची दांडी एकदा डुचमळली, थांबली, आणि तिरपी होऊन सरकायला लागली. छातीत धडधडलं, मुन्ना, पन्नाशीला आलेल्या माणसाच्या. वितीएवढा दाडक होता. बोडीत दोन किलोचा कतला ओढताना कधी असं होत नाही.

पोराला शेवटी सगळं सांगितलं, पेंडेचं सोडून. तो गप्प झाला, रात्री जेवला नाही. मला वाटलं, चला, कळलं. सकाळी बघतो तर बोर्डावर नवी ओळ, लाल रंगात: ‘ज्येष्ठ नागरिकांना प्रवेश मोफत.’ आता सांग, याला काय म्हणू? मनानं चांगला आहे. पण बाबाजींनी ती ओळ वाचली तर पुन्हा पाऊल टाकतील का पारीवर? मी रंगाचा डबा शोधतोय, ह्यानं कुठं ठेवला कोण जाणे. पुसायला गेलो तर पोरगा दुखावणार.

या शुक्रवारी पेंड टाकली. दोन गाड्या रिकाम्या गेल्या. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी आभाळाकडे.

तुझ्या पोरीची शाळा, तुझी नवीन नोकरी, वहिनींचं गाडी शिकणं, सगळ्याबद्दल सविस्तर लिही. मी विचारलं नाही म्हणजे काळजी नाही असं नाही. फेब्रुवारीत नक्की येतोयस ना? मग बाबाजींच्या लेकीकडे दोघं जाऊ. नोट अजून त्याच शर्टाच्या खिशात आहे, हिनं दोनदा धुण्यातून काढून ठेवली. तूच दे ती त्यांना. तुझ्या हातून घेतील. मरळीच्या वेळी तू पळालास आणि मी उभा राहिलो होतो, एवढं तर देणं लागतोस.

येताना नायलॉन आण, बारीक पण दमाचं. इकडचं वर्षभरात कडक होतं.

तुझा,
बाल्या

ता. क. गाठ तूच बांधली होतीस.