तारण, ऋण आणि आमची रविवारची उपासना

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका वाचकाने ख्रिस्ती उपासनेविषयी लिहिताना असे म्हटले होते की, ख्रिस्ती माणसाने आठवडाभर हवे ते करावे, रविवारी चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्यावी आणि कोरी पाटी घेऊन घरी परतावे, इतके तारण त्या धर्मात स्वस्त आहे. पत्रात द्वेष मुळीच नव्हता. विचारणारा मनापासून विचारीत होता असेच मला वाचताना वाटले, आणि म्हणूनच थोडे सविस्तर लिहीत आहे. माझा जन्म इंदूरचा. आजोबा अहमदनगर जिल्ह्यातून मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून इकडे आले आणि येथलेच झाले. मीही अडतीस वर्षे शाळेत हिंदी आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही आणि धर्मशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. ज्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) लहानाची मोठी झाले तिच्यापुरतेच मी बोलू शकते.

आमची मंडळी उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळाची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम 1877 साली सुरू झाले आणि दहा वर्षांनी, 1887 मध्ये, त्याच मिशनने येथे ख्रिश्चन कॉलेज काढले, हे जुन्या इंदूरकरांना माहीत असेलच. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा परंपरांतील सहा मंडळ्या एकत्र येऊन हे ख्रिस्तमंडळ स्थापन झाले, त्यामुळे आमच्या उपासनेत या सर्वांच्या रीती मिसळलेल्या दिसतात. रविवारची मुख्य उपासना हिंदीत होते. महिन्यातून एकदा आम्ही मराठी घरे जमून मराठीत उपासना करतो. तेव्हा पेटी, तबला आणि झांजा असतात आणि ज्यांची मुले आता घरीही हिंदीच बोलतात असे आईबापसुद्धा त्या दिवशी मुलांना आवर्जून घेऊन येतात.

उपासनेचा क्रम सांगायचा तर गीत, प्रार्थना, शास्त्रपाठ, उपदेश, विश्वासांगिकार म्हणजे आम्ही काय मानतो त्याचे एकत्र उच्चारण, मंडळीसाठी, देशासाठी व आजाऱ्यांसाठी मध्यस्थीच्या प्रार्थना, दानार्पण आणि शेवटी आशीर्वचन असा तो साधारण असतो. शास्त्रपाठ जुन्या करारातून, स्तोत्रांतून, प्रेषितांच्या पत्रांतून आणि शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या जीवनकथेतून, होतात, आणि ते वाचायला मंडळीतील कोणीही, शाळकरी मुलगीसुद्धा, पुढे येते. मात्र ज्या भागाविषयी सदर वाचकाचा गैरसमज झाला आहे तो भाग उपासनेच्या आरंभीच येतो. तो म्हणजे पापकबुली.

आमच्याकडे ही कबुली कोणाच्या कानात द्यायची नसते. सगळी मंडळी, पाळकसाहेबांसह, एका आवाजात ती म्हणते. मनाने, वाणीने आणि कृतीने जे चुकले ते तर त्यात आलेच. जे करायला हवे होते आणि केले नाही, तेही आले. मला विचाराल तर हा दुसरा भाग अधिक जड आहे, कारण वाईट वागल्याची आठवण माणसाला सहसा असते, पण शेजारची आजारी बाई दोन दिवस एकटी होती आणि आपण दार वाजवले नाही, याची आठवण कोणी करून दिल्याशिवाय होत नाही. कबुलीनंतर थोडा वेळ शांतता असते आणि मग पाळक क्षमेची घोषणा करतात. ही घोषणा आहे, हे मी मुद्दाम सांगते. क्षमा पाळक करीत नाहीत. जो खरा पश्चात्ताप करतो त्याला देव क्षमा करतो, एवढी बातमी ते मंडळीला देतात.

त्यानंतर काही वेळाने येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना येते, आणि येथे दोन भाषांत वाढलेल्या माणसाच्या लक्षात एक गोष्ट येते. हिंदीत आम्ही म्हणतो की जसे आम्ही आपल्या अपराध्यांना क्षमा केली तसे तू आमच्या अपराधांची क्षमा कर. मराठी बायबलात मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शब्द आहे ‘ऋण’. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणे, कर्ज असाच आहे. लहानपणी मला हिंदी शब्द सोपा वाटे आणि मराठी शब्द विचित्र. पुढे घर चालवायला लागल्यावर, किराणावाल्याच्या वहीत नाव चढल्यावर, मराठी शब्दाचे वजन कळले. अपराध झाला तर माणूस विसरूही शकतो, पण देणे असते तोवर ते दोघांच्या मध्ये उभे असते, समोरासमोर आले की नजर चुकवावी लागते. पापाविषयी आमची समजूत नेमकी अशी आहे. देव आणि माणूस, माणूस आणि माणूस यांच्या मध्ये जे उभे राहिले आहे ते पाप, आणि ते फेडणे माणसाच्या ऐपतीबाहेरचे आहे.

‘तारण’ या शब्दाचेही असेच आहे. महाराष्ट्रात कोठेही गेले तर बँकेबाहेर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी दिसते. तेथे तारण आपण ठेवायचे असते, म्हणजे आपल्या पदरचे काही मोलाचे देऊन मग पैसे घ्यायचे असतात. शुभवर्तमान सांगते ते याच्या अगदी उलट आहे. माणसाजवळ ठेवायला काहीच नव्हते, तेव्हा देवाने स्वतःचेच दिले. येशूने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला, असे मार्काच्या दहाव्या अध्यायात त्याचेच शब्द आहेत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या संदेशाचा आरंभीचा प्रसारक पौल सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेले नाही. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, असे आपल्याकडे सर्वसाधारणपणे समजले जाते. तारण ही कल्पना तिच्याशी पुष्कळांना एकच वाटते, पण दोन्हींत फरक आहे. देहातून सुटण्याची आशा आम्ही धरीत नाही. उलट विश्वासांगिकारात आम्ही दर रविवारी ‘देहाचे पुनरुत्थान’ हे शब्द उच्चारतो. तुटलेले नाते जोडले जाणे आणि त्या नात्यात मरणापलीकडेही जगणे, याला आम्ही तारण म्हणतो, आणि ते येथेच, याच आयुष्यात सुरू होते.

आता मूळ आक्षेप. दान फुकट मिळत असेल तर माणूस बेफाम होणार नाही काय? हा प्रश्न सदर वाचकांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. पौलाला तो पहिल्याच शतकात विचारला गेला होता आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो स्वतःच मांडला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? त्याचे उत्तर दोन शब्दांचे आहे, कधीच नाही. याकोबाचे पत्र तर कर्मांवाचून असलेल्या विश्वासाला निर्जीव म्हणते. मला स्वतःला लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाची गोष्ट या बाबतीत सर्वांत अधिक उलगडा करणारी वाटते. जक्कय जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूने त्याला काहीही परत करायला सांगितले नव्हते. तुझ्या घरी उतरायचे आहे, एवढेच तो म्हणाला. ज्याच्या घरी कोणी भला माणूस पाय ठेवत नव्हता त्याच्या घरी तो गेला, आणि मग जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला की माझे अर्धे धन गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. आधी कृपा झाली, चौपट परतफेड मागाहून आली. हा क्रम उलटा केला की धर्माचा बाजार होतो, आणि दुसरा भाग गाळला की सदर वाचकांनी वर्णन केली तशी स्वस्ताई होते. दोन्ही चुका ख्रिस्ती मंडळ्यांनी इतिहासात केलेल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1517 मध्ये जो वाद उपस्थित केला तो पहिल्या चुकीविरुद्धच होता, आणि त्यातून कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यात पडलेली फूट शतकानुशतके टिकली. 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे ल्यूथरच्या परंपरेतल्या लूथरन मंडळ्या आणि रोमन कॅथलिक मंडळी यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण कृपेने आणि सत्कृत्ये त्याचे फळ, यावर मूलभूत एकमत असल्याचे त्यात दोघांनी मान्य केले आहे. इंदुरात ‘व्हाइट चर्च’ आणि ‘रेड चर्च’ ही दोन नावे पत्ता सांगताना सगळेच घेतात. पहिले आमच्या परंपरेचे, दुसरे कॅथलिकांचे. उपासनेच्या रीती वेगळ्या असल्या तरी या एका मुद्द्यावर आज आमच्यात भांडण नाही.

प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीविषयी, मात्र मला थोडे सावकाश सांगायचे आहे, कारण तारणाविषयीचा आमचा विश्वास तेथे हाताने शिवता येतो. गेली पुष्कळ वर्षे त्याची तयारी माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी मी काळ्या मनुका धुऊन भिजत घालते, रात्री त्या त्याच पाण्यात उकळते, गार झाल्यावर मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळते. आमच्याकडे मद्य वापरीत नाहीत, हाच द्राक्षरस. पावाच्या कडा काढून त्याचे नखाएवढे चौकोनी तुकडे करायचे आणि पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवायचे. रविवारी पाळकसाहेब करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातील शब्द वाचतात, ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेतली, आणि त्याच अध्यायात पुढे एक सूचना आहे की माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग त्या भाकरीतून खावे.

ही सूचना किती खरी आहे ते मला एका वर्षी कळले. सासऱ्यांच्या घराच्या वाटणीवरून माझ्या थोरल्या जाऊबाईंशी माझा अबोला झाला होता आणि तो आठ महिने टिकला. त्या आठ महिन्यांत दर वेळी रस मीच गाळला, तुकडे मीच केले, पण ते घ्यायला वेदीच्या कठड्याशी मला जाता आले नाही. बाकीचे उठून जात आणि मी आपल्या जागेवर मान खाली घालून बसून राही. पाळकसाहेबांनी एका शब्दाने विचारले नाही. वेदीपाशी दान आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूने सांगितले आहे, आणि ते वाक्य मी स्वतः रविवार-शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलेले होते. शेवटी एका शनिवारी, मनुका भिजत घातलेल्या तशाच ठेवून, मी त्यांच्या घरी गेले. ‘ताई, माझे चुकले,’ एवढेच म्हणता आले. त्या काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला. वाटणीचा कागद व्हायला पुढे आणखी दीड वर्ष लागले आणि त्या दीड वर्षात आमचे मतभेदही झाले. पण दुसऱ्या दिवशी कठड्याशी आम्ही दोघी गुडघे टेकून होतो, मध्ये फक्त त्यांचा नातू. रविवारी कबुली दिली की काम झाले असे मानणाऱ्या माणसाला हे आठ महिने मी कसे समजावून सांगू, हे मला कळत नाही, पण सदर वाचकांचे पत्र वाचताना मला सर्वप्रथम या आठ महिन्यांचीच आठवण झाली.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, याविषयी थोडक्यात. आमच्या ख्रिस्तमंडळात बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात स्वतः विश्वास प्रकट करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत, कारण 1970 साली एकत्र आलेल्यांत दोन्ही रीतींचे लोक होते. पाण्यात तारण्याची शक्ती आहे असे आम्ही मानीत नाही. देवाने जे दिले त्याची ती खूण आहे.

आणि जे दान आहे ते विकता येत नाही, तसेच त्याचे आमिषही करता येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा एक जादूगार पैसे देऊन देवाचे दान घेऊ पाहतो तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला फार कठोर शब्दांत झिडकारतो. पैसा, नोकरी किंवा औषधपाणी पुढे करून कोणाला विश्वासात आणू पाहणारा माणूस कायद्याचा अपराध करतो की नाही हे न्यायालय पाहील. आमच्या दृष्टीने तो आपल्याच विश्वासाचा पाया उखडतो, मग तो स्वतःला काहीही म्हणवो. येशूच तारणारा आहे असे आम्ही मानतो आणि ते लपवीत नाही. पण दुसऱ्या कोणाचा न्याय देव कसा करील, हे सांगण्याचे काम आम्हाला दिलेले नाही.

मराठी वाचकांना हे सारे परके वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांनी आम्हाला अभंग दिले, ओव्या दिल्या, कीर्तन दिले. माळव्यात राहून आमच्या घरांतील मराठी जी काही टिकली ती पुष्कळशी या गीतांमुळे टिकली, असे मी शिक्षिका म्हणूनही सांगू शकते. माझी नात बोलताना हिंदी बोलते, पण झांज हातात आली की अभंग मात्र चुकत नाही.

सदर वाचकांनी, किंवा ज्यांना हे पाहावेसे वाटेल त्या कोणीही, एखाद्या रविवारी अवश्य यावे. दार उघडे असते, शेवटच्या बाकांवर जागा असते, आणि गीतांचे पुस्तक शेजारचा माणूस हातात देईल. दानाची थैली पुढे आली तर ती तशीच पुढे द्यावी, पाहुण्यांकडून त्यात काही अपेक्षित नसते. प्रभुभोजनाच्या वेळी आपल्या जागी शांत बसून राहिले तरी चालते. आमच्यातलेही काही जण त्या दिवशी बसूनच असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर