हरवलेल्या मूकपटांचं वेड

संपादक महोदय,
मूकपट गोळा करणाऱ्यांना जुन्या पोस्टरसाठी लाखो मोजताना बघून लोक हसतात, पण मला तरी त्यात वेडेपणा वाटत नाही. 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा १९२७चा हॉलिवूडपट, त्याची शेवटची माहीत असलेली कॉपी स्टुडिओच्या गोदामातल्या आगीत गेली, तरी २०१४ मध्ये त्याचं पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेलं! जो सिनेमा कुणालाच बघता येत नाही त्याचीच ओढ जास्त, आणि मजा म्हणजे बघायला मिळाला तर कदाचित बोअरही होईल.

आपल्याकडे बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सैरंध्री' असाच हरवला. त्या काळची नायट्रेटची फिल्म पटकन पेट घेते, शिवाय तिच्यातली चांदी काढायला लोकांनी रिळंच्या रिळं विकून टाकली, मग उरणार काय. पण १९१९चा 'बिल्वमंगल' पॅरिसच्या फिल्म संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये ५९४ मीटरचा तुकडा पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला मिळाला ना! म्हणून कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतले गंजके डबे भंगारवाल्याला देण्याआधी कुणीतरी, निदान झाकण काढून, बघा राव.

- एक वाचक, कोल्हापूर