पासपोर्ट मिळेपर्यंत तिशी : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना बेळगावहून खुले पत्र

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

स. न. वि. वि.

बेळगावात पोरांना फुटबॉल शिकवण्यात माझी हयात गेली. पण मैदान, जाळी किंवा बूट मागायला हे पत्र नाही. ते गाऱ्हाणं बंगळूरला घालायचं असतं, आणि घालून झालंय. विषय आहे भारताकडून खेळायला तयार असलेल्या, पण नागरिकत्व मिळेपर्यंत वय निघून जाणाऱ्या भारतीय वंशाच्या फुटबॉलपटूंचा. सुरुवात अराता इझुमीपासून करतो.

हा माणूस जपानच्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला आला, पुढे महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसी. पुणं आम्हाला रात्रीच्या गाडीच्या अंतरावर, म्हणून बालेवाडीत त्याला बघता आलं. चेंडू पायात येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवायचा. चेंडू गेला तर रेफ्रीकडे हात पसरत उभा न राहता स्वतः मागे पळायचा. ही मान वळवायची सवय पोरांना लावताना माझा घसा बसतो.

२०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडून त्याने भारताचं घेतलं, कागदोपत्री नीलकंठ खंभोलजा झाला. २०१३ मध्ये प्रशिक्षक विम कोव्हरमान्स यांनी त्याला भारताकडून उतरवलं. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याच मोसमात पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरी आली, म्हणजे खेळ उतरला नव्हता. तरी भारतासाठी दहाही सामने त्याच्या वाट्याला आले नाहीत. मिडफिल्डरची खरी वर्षं पंचविशीची, आणि ती सगळी इथेच, आपल्या डोळ्यांदेखत, 'परदेशी खेळाडू' म्हणून गेली.

दुहेरी नागरिकत्व जपानलाही चालत नाही. तरी ब्राझीलमध्ये जन्मलेला, शाळकरी वयात जपानला गेलेला अलेक्स सांतोस २००१ मध्ये जपानी नागरिक झाला आणि चोविसाव्या वर्षी २००२ चा वर्ल्ड कप जपानकडून खेळला. त्यामुळे अडचण कायद्याच्या कडकपणात आहे असं मला वाटत नाही.

आता रायन विल्यम्स. पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, २०२३ पासून बंगळूर एफसीत. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून तो भारतीय झाला. टाळ्या आम्हीही वाजवल्या. पण वय बघा, पुन्हा तिशी उलटलेलीच.

ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, भारताची जर्सी मिळत नाही, या नियमाशी माझं भांडण नाही. उलट तो बरोबरच वाटतो. ज्याला खेळायचंय त्याने परतीची वाट बंद करून यावं. पण जो तयार आहे त्याचं काय? ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद हवी, त्यात वर्षभराचा मुक्काम हवा, आणि मग पुढे फायलीचा प्रवास. कारकुनाला सहा महिने म्हणजे काहीच नाही. विंगरला सहा महिने म्हणजे अख्खा मोसम.

ताटकळणं काय असतं ते सीमाभागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासूनचा, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून. पण खटला थांबू शकतो, गुडघे थांबत नाहीत.

आमच्यातलेच काही म्हणतील, बाहेरचे आले की आपल्या पोरांची जागा जाणार. मला ही भीती पोकळ वाटते. इथली पोरं चोर्ला घाट उतरून गोव्यात खेळतात, कोल्हापुरात खेळतात. तिथे त्यांना कुणी जागा राखून ठेवलेली नसते आणि ती मागतही नाहीत. बरोबरीला इझुमीसारखा उभा राहिला तर ती शिकतील तरी.

तेव्हा मागणी एवढीच. नागरिकत्व गृह खात्याचा विषय आहे हे ठाऊक आहे, पण शिफारस तुमची चालते. जो इथल्या क्लबकडून खेळतोय, इथे राहतोय आणि जुना पासपोर्ट सोडायला लेखी तयार आहे, त्याच्या अर्जाला मुदत ठरवून द्या. त्या मुदतीत हो किंवा नाही, काय ते कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, तो बिचारा त्याच्या जुन्या देशाकडून खेळायला मोकळा होईल.

उत्तर पाठवणार असाल तर मराठीचा आग्रह नाही. हिंदी चालेल, इंग्रजी चालेल, आणि कन्नडमध्ये आलं तर तेही आम्ही वाचतो.

आपला,
बेळगावचा एक फुटबॉल प्रशिक्षक