मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याखाली एक चौकट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीच्या पहिल्या पानावर हल्ली दर आठवड्याला एखाद्या तारकेचा पानभर फोटो असतो आणि आत तिची मुलाखत. मध्यंतरीच्या एका अंकात नव्या मालिकेची नायिका होती. मुलाखतीत 'पारंपरिक दागिन्यांचं मला भारी वेड' असं एक वाक्य होतं आणि पान उलटलं तर त्याच दागिन्यांची अर्धं पान जाहिरात. नायिका तीच, नथही तीच. योगायोग असेल तर त्या सराफाचं नशीब थोर म्हणायचं. नसेल, तर ते वाचकाला कुणीतरी सांगायला हवं होतं. माझं मागणं एवढंच आहे, पण त्यामागचं म्हणणं जरा ऐसपैस मांडते, कारण मुखपृष्ठांवर माझं पोट होतं.

मासिकं आणि कादंबऱ्या भाड्याने देणारं एक छोटं वाचनालय मी बरीच वर्षं चालवलं. कादंबऱ्या फळीवर धूळ खात बसल्या तरी फिल्मी मासिक टेबलावर टिकत नसे. परत आलेला अंक आधी मधोमध उघडून बघायचा, हा आमचा शिरस्ता. पिनांजवळचं रंगीत पान जागेवर आहे ना? पुष्कळदा नसायचं. ते कुठल्यातरी होस्टेलच्या भिंतीवर पोचलेलं असायचं. मुखपृष्ठाला तर अंक बाहेर पडण्याआधीच चिकटपट्टी मारून ठेवावी लागे. तेव्हा अंक चेहऱ्यावर खपतो हे मला कुणी शिकवायला नको, आणि 'पहिल्या पानावर नटी कशाला, शेतकरी का नाही?' या थाटाचं हे पत्रही नाही. नटी खुशाल असू द्या.

मराठी मासिकांवर सुंदर चेहरा पूर्वीपासूनच आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी कितीतरी दिवाळी अंक आपल्या कुंचल्यावर तोलून धरले. दलालांनी तर १९४५मध्ये स्वतःचा 'दीपावली' काढला. मुळगावकरांच्या देवादिकांची कॅलेंडरं घरोघरी लागत आणि त्याच हाताने ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही करत. दोघांच्या बायका अवास्तव होत्या, यात शंका नाही. तसले टपोरे डोळे, ती लांबसडक बोटं, कमरेचा तो बाक आमच्या आळीत तरी कुणाकडे नव्हता. पण कोपऱ्यात चित्रकाराची सही असायची. बाई कुणाच्या कल्पनेतून उतरली, ते त्या सहीतच आलं. दलालांच्या चित्रासारखी कंबर नाही म्हणून कुणी जेवण सोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

फोटो आले आणि हळूहळू ती सही दिसेनाशी झाली. आजचा मुखपृष्ठावरचा फोटो हेसुद्धा रंगवलेलं चित्रच असतं. फरक इतकाच की रंगवणारे पाच-सात जण असतात: मेकअपवाला, केस करणारी, कपडे निवडणारी स्टायलिस्ट, प्रकाशयोजना करणारा, फोटोग्राफर आणि शेवटी संगणकावर त्वचा घासूनपुसून कंबर आत घेणारा. त्यातल्या निम्म्यांची नावं छापली जात नाहीत. शेवटच्याचं तर कधीच नाही.

ही माझ्या मनची शंका नव्हे. २००३ साली ब्रिटनच्या 'जीक्यू' मासिकाने केट विन्स्लेटला मुखपृष्ठावर घेतलं आणि तिचे पाय संगणकावर सडपातळ करून टाकले. आपण अशा दिसत नाही आणि आपल्याला तसं दिसायचंही नाही, असं तिनेच जाहीरपणे सांगितलं. २०१७मध्ये 'ग्राझिया'च्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर लुपिता न्योंगो होती. तिचे कुरळे केस पुसून डोकं गुळगुळीत करण्यात आलं होतं. तिने मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले, तेव्हा फोटोग्राफरला माफी मागावी लागली. हॉलिवूडमधल्या नावाजलेल्या नट्या या, म्हणून बोलू शकल्या. आपल्याकडे पहिलीच मालिका मिळालेली मुलगी पुरवणीच्या संपादकाला 'माझा रंग का उजळलात?' असं विचारील, हे मला तरी शक्य वाटत नाही.

फ्रान्समध्ये २०१७पासून मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलेलं असेल, तर तशा जाहिरातीवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेने २०२२पासून असाच नियम लागू केला, तो समाजमाध्यमांवर पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्यांनाही लागू आहे. चांगलंच आहे, पण हे नियम जाहिरातींपुरते. मुखपृष्ठ ही कागदोपत्री जाहिरात नसते, ते 'संपादकीय' असतं. म्हणजे साबणाच्या जाहिरातीतल्या मुलीला जो नियम लागतो, तो तोच साबण मुलाखतीत आपणहून आठवणाऱ्या मुलीला लागत नाही. पळवाट आहे ती नेमकी इथे, आणि ती कायद्याने नाही तरी संपादकाने बुजवता येते.

सही जपणारे लोक फोटोच्या जमान्यातही होते, हे सांगायला हवं. गौतम राजाध्यक्षांचा फोटो आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली नाव न वाचता ओळखत. चेहऱ्यावर हळुवार पसरलेला उजेड, मागे काळोख, आणि नट कितीही मोठा असला तरी त्या घडीला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटायचं. ते 'चंदेरी' या मराठी फिल्मी मासिकाचे संपादकही होते. त्यांनीही चेहरे देखणेच केले, कुणाचे वाभाडे काढले नाहीत. पण हा राजाध्यक्षांनी पाहिलेला माणूस आहे, एवढं त्यात उघड असे.

आता मुलाखतींबद्दल. जुने दिवस सोन्याचे होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. 'फिल्मइंडिया' या जुन्या फिल्मी मासिकाचे संपादक बाबूराव पटेल वाचकांच्या पत्रांना झणझणीत उत्तरं द्यायचे, भल्याभल्यांची सालं काढायचे. पण त्यांनी 'द्रौपदी' हा स्वतःचा चित्रपट केला, सुशीलाराणींना नायिका केलं, तेव्हा आपल्याच मासिकातून त्याची जाहिरातबाजी करायलाही ते लाजले नाहीत. १९७१च्या ऑक्टोबरमध्ये नारी हिरांचं 'स्टारडस्ट' हे फिल्मी मासिक आलं. पहिल्याच मुखपृष्ठावर राजेश खन्ना आणि त्याचं गुपचूप लग्न झालंय का, हा प्रश्न. संपादक होत्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, वय जेमतेम तेवीस. त्या गॉसिपने नट्यांच्या आयुष्यात किती विष कालवलं, ते वेगळं सांगायला नको. माझ्याकडे अंक सर्वात जास्त त्याच मासिकांचे जात, तेव्हा मी सोवळी नाही. अमिताभ बच्चन आणि या मासिकांचं आणीबाणीनंतर असं बिनसलं की अबोला वर्षानुवर्षं चालला. तरीही वाचकाला एक गोष्ट कळत असे: नट एका बाजूला, मासिक दुसऱ्या बाजूला. भांडण व्हायला निदान दोन पक्ष लागतात.

आता दोन पक्ष उरलेलेच नाहीत. नटाची जनसंपर्क संस्था दिवस ठरवते, प्रश्न आधी मागवते, फोटो स्वतःच पाठवते, आणि सगळं छापून येतं ते बरोबर चित्रपट लागण्याच्या किंवा मालिका सुरू होण्याच्या आठवड्यात. म्हणून तर चार वर्तमानपत्रांत चार मुलाखती वाचल्या तरी नायिका तीच चार वाक्यं बोलते. भूमिका आव्हानात्मक असते, सेटवर सगळे एका कुटुंबासारखे असतात, ती भयंकर फूडी असते आणि तिच्या त्वचेचं रहस्य भरपूर पाणी. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेव्हा आमच्या त्वचेचं काय ते समजून घ्या. कहर म्हणजे ते 'डिजिटल कव्हर'. छापील अंकच नाही, नुसतं मुखपृष्ठ. चिकटपट्टी लावायची तरी कशाला?

करमणुकीच्या पानाचा एवढा बाऊ कशाला, असं आपल्याला वाटेल. पण २००९च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकाच नेत्याच्या कौतुकाचे लेख महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखे छापून आल्याचं उघड झालं, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला नवल वाटलं नाही. असे लेख छापायची सवय पुरवणीच्या पानांनी आधीच लावून ठेवली होती, ती मुख्य अंकापर्यंत पोचली इतकंच. आणि आज मोबाइलवर क्रीमची डबी दाखवणाऱ्या मुलीलाही पैसे घेतले असतील तर तसं लिहावं लागतं. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१मध्ये तसे नियम केले, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२२मध्ये केले. तिने लिहायचं आणि शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दैनिकांनी लिहायचं नाही?

माझं मागणं महागाचं नाही, नवंही नाही. महिलांच्या जुन्या मासिकांत अनुक्रमणिकेच्या खाली एक छोटी चौकट असायची: मुखपृष्ठावरचं छायाचित्र कुणाचं, साडी कुठली, दागिने कुठल्या पेढीच्या सौजन्याने. तीच चौकट पुन्हा आणा आणि तिच्यात थोडी भर घाला. फोटो आपल्या फोटोग्राफरने काढला की नटीच्या माणसांनी पाठवला? संगणकावर चेहरा, रंग, बांधा बदलला का? प्रश्न आधी पाठवले होते का, आणि उत्तरं छापण्याआधी कुणी मंजूर केली? या पानासाठी किंवा याच्याशी जोडलेल्या जाहिरातीसाठी पैसे मिळाले का? मिळाले असतील तर घ्या बापडे, कागदाचे भाव काय झालेत ते मला कळतं. फक्त लिहा. आणि वाचता येईल अशा टाइपात लिहा.

'हल्ली सगळ्यांना हे ठाऊकच असतं,' असं म्हणणारे भेटतात. त्यांनी लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या ब्युटी पार्लरमध्ये तासभर बसून बघावं. नवऱ्या मुली पुरवणीतला फोटो मोबाइलवर दाखवून 'अगदी अस्साच चेहरा हवा' म्हणतात. पार्लरवाली ताई बिचारी समजावते, "अगं, असं कातडं कुणाचंच नसतं, हे पुसलेलं असतं." मुलीला पटत नाही, कारण तिने ते पेपरात पाहिलेलं असतं. आईला तर त्याहून पटत नाही. ताईकडे पुरावा कुठला? आपली चौकट असती तर तिने त्यावर बोट ठेवलं असतं.

पत्र लांबलंय, याची कल्पना आहे. जागा नसेल तर दलाल-मुळगावकर, बाबूराव पटेल, माझं वाचनालय, सगळं खुशाल कापा. चौकटीचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली नियमित वाचक,
सांगली