प्रथम वर्षाला आधी हिशेब समजावा, भाषणे नंतर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांसाठी उद्बोधनाची मार्गदर्शिका काढली. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत हारतुरे, चार भाषणे आणि ग्रंथालयाची एक फेरी एवढ्यावर कार्यक्रम उरकतो. बारावीपर्यंत वर्षअखेरच्या एका परीक्षेवर सगळा भर देत आलेल्या मुलामुलींना सत्र पद्धतीचा हिशेब कोणी समजावत नाही. पहिल्या वर्षी जे अडखळतात, त्यांतले बरेच जण विषय झेपला नाही म्हणून नव्हे, तर या हिशेबात चुकतात.

हजेरीचेच पाहा. दोन क्रेडिटचा लेखी विषय म्हणजे सत्रात ३० तास, आठवड्याला दोन. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेला विद्यार्थी चार आठवडे उशिरा आला, तर त्याचे ८ तास आधीच गेले. पुढे एकही तास न बुडवता तो २२ तासांवर, म्हणजे ७३ टक्क्यांवर थांबतो आणि अट असते ७५ टक्क्यांची. त्यात गणपती आणि दिवाळी दोन्ही पहिल्याच सत्रात. सुट्टीला जोडून गावी चार दिवस जास्त राहिले की उरलेले गणितही बिघडते. उशिरा प्रवेश झालेल्यांनी पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना अर्ज द्यावा, प्रवेशाची पावती जोडावी आणि हजेरी त्या तारखेपासून धरण्याची विनंती करावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. सत्राच्या शेवटी तोंडी आश्वासन कोणालाच आठवत नाही.

दुसरी चूक अंतर्गत गुणांची. दोन क्रेडिटचा विषय साधारण ५० गुणांचा. कुठे १५ अंतर्गत आणि ३५ लेखी, कुठे २० आणि ३०. अनेक ठिकाणी दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणजे लेखी परीक्षेत ३५ पैकी ३० मिळाले, पण अंतर्गतमध्ये १५ पैकी ६ झाले नाहीत, तर तो विषय राहिला. बारावीच्या सवयीने मुले पहिली चाचणी ‘सराव’ म्हणून सोडून देतात, तेव्हाच हे घडते. चाचणी, गृहपाठ आणि सादरीकरण यांना किती गुण, त्यांच्या तारखा कोणत्या, चाचणी बुडाली तर पुन्हा संधी आहे का, हे प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि मुख्य विषयाच्या जोडीला पर्यावरण, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्य, भाषा असे छोटे विषय आले. सत्राच्या साधारण २२ क्रेडिटमध्ये त्यांचा वाटा मोठा आहे. यांना ‘साइड’चे विषय समजून कोणी टाळू नये. एसजीपीएत, म्हणजे सत्राच्या सरासरी श्रेणीगुणांत, एकेकाचे वजन कमी असेल, पण एकात जरी एटीकेटी लागली (विषय राहून पुढच्या वर्गात गेलात) तरी ती सोडवल्याशिवाय पदवी हातात पडत नाही.

कागदपत्रांचा घोळ तर दरवर्षीचा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक, काढताना हा फरक आडवा येतो. आधारची दुरुस्ती प्रवेशाआधी झालेली बरी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. तो महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे गेला का, हे पाहत राहावे लागते, आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो. तो राहिला की शिष्यवृत्ती थांबते.

गावाहून शहरात आलेल्यांसाठी राहण्याच्या दोन गोष्टी. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) खोली घेताना डिपॉझिट कधी आणि काय कापून परत मिळणार, ते लेखी घ्यावे. मेस लावण्याआधी खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांची सूट, किती दिवसांचे धरतात आणि किती आधी सांगावे लागते, ते विचारावे. दिवाळीच्या महिन्यात याच एका प्रश्नावर बरेच पैसे वाचतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांची धास्ती आम्हाला रोज दिसते. इंग्रजी संज्ञांपुढे ही मुले गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याला शिक्षक ‘समजले’ असे धरतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन मोफत आहेत. प्रत्येक प्रकरणातल्या पंधरा-वीस संज्ञा आधी मराठीतून समजून घेतल्या, तर व्याख्यान निम्मे सोपे होते. शंका मात्र तासानंतर लगेच विचाराव्यात. अनेक ठिकाणी कायम पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक पुढच्या तासाला दुसऱ्या महाविद्यालयात निघून जातात. यात त्यांचा दोष नाही. बसून शंका सोडवायला त्यांना जागाही नसते आणि त्या वेळेचे मानधनही नसते.

मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते. हे दोन्ही क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर ठळक लावलेले असावेत.

महाविद्यालयांकडे आमची मागणी साधी आहे. पहिल्या आठवड्यातले दोन तास फक्त या हिशेबासाठी ठेवा. शेवटच्या फेरीत आलेल्यांसाठी तेच दोन तास पुन्हा घ्या आणि पहिली चाचणी त्यांच्या प्रवेशानंतर किमान चार आठवड्यांनी ठेवा. यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते, आणि तो अधिकार प्राचार्यांकडे आहे.

आपले,
एका पदवी महाविद्यालयाच्या विद्यार्थी मार्गदर्शन कक्षातील प्राध्यापक, पुणे