नाताळ झाल्यावरची वसई

‘वसईतला नाताळ’ हा पुरवणीतील सचित्र लेख वाचला. येशूजन्माचे गोठे, रोषणाई, केक, सगळे आले. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी जोडलेला भाविकांचा समुदाय, मात्र आला नाही. चर्चचे जीवन 26 डिसेंबरनंतरच खरे कळते. 1833 मध्ये पॅरिसमधल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सदस्य आजही गरजूंच्या घरी स्वतः जातात. कुणाच्या औषधांची चिठ्ठी, कुणाच्या मुलाची फी, पण दिल्याचा गवगवा नाही. किंबहुना नाव फुटू नये, हाच रिवाज. शेजारधर्म नुसत्या दयेवरही थांबत नाही. आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक 1918 मध्ये इथल्याच समाजातून पतपेढी म्हणून उभी राहिली. अडलेल्याला उपदेश नव्हे, कर्ज हवे असते, एवढे त्या पिढीला कळले होते. सगळे धर्मग्राम आदर्श आहेत असे मी म्हणत नाही. मानपान आणि समित्यांतली भांडणे आमच्याकडेही आहेत. तरी संपादकांना विनंती : नाताळ छापाच, पण ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चाळीस दिवसांतही एकदा बातमीदार पाठवा. तेव्हा रोषणाई नसते आणि माणसे घरीच भेटतात.

– एक वाचक, वसई